मधल्या सुट्टीत ‘ए, मी पण!’ म्हणता यावं म्हणून

तिसरीतला एक मुलगा. मधली सुट्टी झाली की तो पाच मिनिटांत डबा संपवतो आणि कुंपणाच्या जाळीवरून बोट फिरवत मैदानाच्या कडेने चालू लागतो. एक फेरी, दुसरी, तिसरी. घंटा झाली की परत वर्गात. बाई म्हणतात, “त्याचा काही त्रास नाही हो, शांत असतो.” घरी आई विचारते, “आज कोणाबरोबर खेळलास?” तो म्हणतो, “सगळ्यांबरोबर.” तो खोटं बोलत नसतो. सगळे मैदानावर होते आणि तोही मैदानावर होता.

स्पेशल एज्युकेटर म्हणून मी स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर काम करते. पालक येतात ते बोलणं, लिहिणं, गणित असे प्रश्न घेऊन. मैत्रीचा विषय निघतो तो निघताना, दारात चपला घालता घालता: “बाकी सगळं होईल, पण याला एखादा तरी मित्र मिळेल का?” हा लेख त्या दारातल्या प्रश्नासाठी आहे. सहा ते बारा वर्षांची, साध्या शाळेत जाणारी, वाक्यात बोलू शकणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. न बोलणाऱ्या मुलांसाठी काय बदलायचं, तेही पुढे येईल.

सुरुवात करण्याआधी: काय शिकवायचं नाही

“माझ्या डोळ्यांत बघून बोल” हे वाक्य घरातून काढून टाका. कितीतरी स्वमग्न मुलांना डोळ्याला डोळा देऊन ऐकताच येत नाही. एक तर बघता येतं, नाही तर ऐकता येतं. मूल तुमच्याकडे कान देऊन खिडकीबाहेर बघत असेल तर ते ऐकतंय, एवढं पुरे. हात फडफडवणं, पुढेमागे डोलणं हेही कोणाला लागत नसेल तर बंद करायला जाऊ नका. त्याने मूल स्वतःला सावरत असतं. दिवसभर स्वतःला दाबून ‘इतरांसारखं’ दिसण्याचा प्रयत्न करणारी मुलं घरी आल्यावर दप्तर फेकतात, रडतात, आणि मोठेपणी हेच ओझं चिंता आणि नैराश्याच्या रूपात बाहेर येताना दिसतं.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली एक गोष्ट मांडली, ती मला फार मोलाची वाटते: न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न मुलाला इतर मुलं कळत नाहीत हे आपण सहज म्हणतो, पण इतर मुलांनाही तो कळत नसतो. म्हणून खालच्या पायऱ्यांमधलं निम्मं काम तुमच्या मुलाबरोबर आहे आणि निम्मं आजूबाजूच्या लोकांबरोबर.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त बघा

एक शंभर पानी वही घ्या. शिकवायला लगेच सुरुवात करू नका. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात किंवा वाडीत मुलं खेळतात तिथे जाऊन बसा. शाळेत जाऊ दिलं तर उत्तमच, नाही तर बाईंना किंवा बसमधल्या मावशींना दोन-तीन नेमके प्रश्न विचारा: तो कुठे उभा असतो? कोणाच्या जवळ जातो? कुठल्या वेळी बिनसतं? “कसा वागतो?” असं विचारलंत तर “छान” हेच उत्तर मिळेल.

वहीत दोन्ही लिहा, बिघडलेलं आणि जमलेलं. जमलेलं लिहायला आपण विसरतो. ‘वॉचमन काकांशी पाच मिनिटं पंपाबद्दल बोलला’ ही ओळ पुढे फार उपयोगी पडते, कारण कुठल्या विषयावर, किती गर्दीत, कशा आवाजात त्याला बोलता येतं हे त्यातून कळतं. भूक, झोप, ऊन, लाऊडस्पीकर, स्वच्छतागृहाचा वास यांचीही नोंद ठेवा. ज्याला आपण ‘मिसळत नाही’ म्हणतो, त्याचं कारण कधी कधी निव्वळ घंटेचा आवाज असतो. तसं असेल तर घंटेपासून लांबची जागा मागून घ्या. तिथे कुठल्याही कौशल्याचा प्रश्नच नाही.

आणि याच आठवड्यात बाकीच्या मुलांचंही ऐका. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण मोठी माणसं मुलांना शिकवतो: “मी तुमच्याबरोबर खेळू शकतो का?” आवारात जाऊन ऐका, असं एकही मूल बोलत नाही. ती म्हणतात, “ए, मी पण!” किंवा “मला घ्या ना!” किंवा काहीच न बोलता कडेला उभी राहतात आणि डाव संपला की आत शिरतात. पुस्तकी वाक्य घोकून गेलेलं मूल पहिल्याच वाक्यात वेगळं पडतं, आणि ते वाक्य आपणच त्याच्या तोंडी दिलेलं असतं.

दुसरी पायरी: एकच गोष्ट निवडा आणि तिचे तुकडे करा

‘मित्र करणं’ ही शिकवण्याची गोष्ट होत नाही, ती फार मोठी आहे. ‘चालू असलेल्या पकडापकडीत शिरणं’ ही होते. निवडताना तीन गोष्टी बघा: ती रोज घडते का, मुलाला स्वतःला हवी आहे का, आणि जमली तर लगेच काही गोड वाट्याला येतं का. मुलाला हवी आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्या जाळीवरून बोट फिरवणाऱ्या मुलाला मी चित्रं दाखवून विचारलं होतं. त्याने पकडापकडीवर बोट ठेवलं, क्रिकेटवर नाही. बाबांची इच्छा क्रिकेटची होती. आम्ही पकडापकडी घेतली.

तुकडे असे पडले: खेळ कुठे चाललाय ते शोधणं. तीन-चार पावलांवर उभं राहून बघणं. कोणावर राज्य आहे ते ओळखणं. डाव थांबेपर्यंत वाट बघणं. “ए, मी पण!” म्हणणं. “नाही” आलं तर काय करायचं. “ये” आलं तर काय करायचं. राज्य आलं तर काय करायचं. दमलं तर बाहेर कसं पडायचं.

नऊ तुकडे, एका ‘खेळायला जा ना’ मध्ये दडलेले. बाकीच्या मुलांना ते न शिकवता येतात. स्वमग्न मुलाला ते एकेक करून दाखवावे लागतात, आणि दाखवले की तो अनेकदा ते मनापासून पाळतो.

तिसरी पायरी: खेळ आधी घरी शिकवा

नियम माहीत नसताना मैदानात सोडणं म्हणजे पत्ते न शिकवता डावात बसवणं. डबा ऐसपैस, लगोरी यांत एकाच वेळी खूप काही चालू असतं, ते नंतर. पकडापकडी, स्टॅच्यू, विषामृत हे खेळ बरे, कारण नियम दोन-तीनच असतात. घरच्या दिवाणखान्यात तिघांनी खेळा. नियम कागदावर चित्रांसह लिहून भिंतीला लावा. ‘दहा, वीस, तीस, चाळीस…’ म्हणत राज्य कोणावर ते ठरवायची पद्धतही शिकवा, कारण मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि तुमचं मूल तिथेच गोंधळतं.

हरण्याचा सराव वेगळा करा. पहिले काही दिवस एक मिनिटाचेच डाव, म्हणजे हरणंही एका मिनिटाचंच. तुम्ही हरलात की मोठ्याने म्हणा, “अरेरे, आऊट झालो. राग आला. चला, पुढचा डाव.” हे नाटकी वाटलं तरी करा. मनातल्या मनात आपण जे स्वतःला समजावतो ते या मुलांना ऐकू यावं लागतं.

आपल्या खेळांत एक तयार दार आहे: कच्चा लिंबू. धाकट्या भावंडाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो आऊट होत नाही. पहिला आठवडा-दोन आठवडे हे दार जरूर वापरा. मुलांना वेगळं काही समजवावंच लागत नाही, त्यांना कच्चा लिंबू माहीत असतो. पण तारीख ठरवून ते बंदही करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आपण कायमचे कच्चे लिंबू आहोत हे कळतं, आणि ते लागतं.

चौथी पायरी: गोष्ट लिहा

कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९१ च्या सुमारास ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत पुढे आणली. एखादा प्रसंग काय असतो, लोक त्यात काय करतात आणि का करतात, हे मुलाच्या बाजूने, शांत, खऱ्या शब्दांत लिहायचं. त्यात हुकूम कमी आणि वर्णन जास्त असावं. ‘मी मारणार नाही, मी रडणार नाही, मी शहाण्यासारखा वागेन’ असं लिहिलंत तर ती गोष्ट राहत नाही, ती शिक्षा होते. त्या मुलासाठी आम्ही लिहिलेली गोष्ट ही:

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलं पकडापकडी खेळतात.
ज्याच्यावर राज्य असतं तो बाकीच्यांना पकडायला धावतो.
राज्य कधी माझ्यावर येतं, कधी दुसऱ्यावर येतं.
राज्य आलं म्हणजे मी काही चुकलो असं नसतं.
कधी कधी मला राज्य नको असतं आणि राग येतो. राग येऊ शकतो.
मी ‘टाईमप्लीज’ म्हणून पायरीवर बसू शकतो.
बरं वाटलं की मी परत खेळायला जाऊ शकतो. नाही वाटलं तर उद्या खेळू शकतो.

प्रत्येक ओळीखाली त्याच्याच शाळेचा फोटो होता: तेच मैदान, तीच पायरी. सकाळी दूध पिताना एकदा वाचायची, बस्स. प्रसंग बिघडल्यावर ती शिक्षा म्हणून वाचून दाखवू नका. चौथी ओळ वाचल्यावर त्याने मला विचारलं होतं, “मग मी चुकलो नव्हतो?” वर्षभर तो राज्य म्हणजे शिक्षा समजत होता. कोणालाच ते माहीत नव्हतं.

पाचवी पायरी: तालीम, आणि मराठीची एक खास अडचण

बरीच स्वमग्न मुलं ऐकलेलं जसंच्या तसं उचलतात. हिंदी-मराठीत यामुळे एक घोटाळा होतो. तालीम आई घेते किंवा बाई घेतात, त्या म्हणतात, “मी पण येते!” मुलगा तेच उचलतो. मैदानात जाऊन “मी पण येते” म्हणतो आणि सगळी पोरं हसतात. म्हणून मुलाची वाक्यं मुलाच्याच तोंडून, मुलीची मुलीच्या तोंडून ऐकवा. मावसभाऊ, शेजारचा दादा, कोणीही चालेल. फोनवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा: दादा मैदानाच्या कडेला उभा राहतो, बघतो, डाव थांबतो, “ए, मी पण येतो!” म्हणतो, आत पळतो. असे व्हिडिओ मुलं पुन्हा पुन्हा बघतात आणि त्यातून चांगलं शिकतात. ‘मी’ च्या जागी ‘तू’ येत असेल, म्हणजे तहान लागल्यावर मूल “तुला पाणी हवं?” म्हणत असेल, तिथेही हाच उपाय: त्याने जे म्हणायचं ते त्याच्याच बाजूने ऐकवा, “मला पाणी हवं.”

‘अहो’ आणि ‘ए’ यांचंही तसंच. मुख्याध्यापकांना “तू कुठे चाललास?” विचारणारा मुलगा उद्धट नसतो, त्याला कोणी यादी दिलेली नसते. फोटो घेऊन दोन ढीग करा, ‘अहो’ वाले आणि ‘ए’ वाले. आजी कुठल्या ढिगात, हे तुमच्या घरच्या रीतीनुसार.

तालमीत मदत कशी कमी करत न्यायची हे आधीच ठरवा. पहिल्यांदा तुम्ही पूर्ण वाक्य सांगा. मग फक्त “ए…” म्हणा. मग नुसतं बोट दाखवा. मग नुसते मागे उभे राहा. मागेच, शेजारी नाही. मोठं माणूस शेजारी असलं की मुलं त्या माणसाशीच बोलतात. आणि “बोल ना, बोल ना” असा घोष कधीच लावू नका. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर बरेचदा आठ-नऊला येतं.

न बोलणाऱ्या मुलासाठी याच पायऱ्या चालतात, फक्त वाक्याची जागा चित्रकार्ड, हाताची खूण किंवा टॅबलेटवरचं बोलणारं ॲप घेतं. ‘मी पण’ चं कार्ड गळ्यात अडकवलेलं असलं आणि ते काय आहे हे बाकीच्या मुलांना माहीत असलं, तर ते हाकेइतकंच काम करतं. टॅबलेट ‘अभ्यासाची वस्तू’ म्हणून मधल्या सुट्टीत कपाटात बंद करणारी शाळा मुलाचा आवाजच बंद करत असते, हे तिथे स्पष्ट सांगा.

सहावी पायरी: वर्गातल्या मुलांना शिकवा

कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या साध्या शाळांमधल्या ६० स्वमग्न मुलांवर केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रौढ माणसाने एकेकटं शिकवलं. काहींच्या बाबतीत वर्गमित्रांना शिकवलं: मैदानावर एकटं पडलेलं मूल ओळखायचं कसं, त्याला खेळात घ्यायचं कसं. वर्गमित्रांना शिकवलं तिथे स्वमग्न मुलं वर्गाच्या मैत्रीच्या जाळ्यात जास्त ओढली गेली आणि मैदानावर एकटी राहण्याचं प्रमाण घटलं. माझाही अनुभव हाच. तरीही बहुतेक घरांचा सगळा वेळ आणि पैसा एकट्या मुलाला शिकवण्यावर जातो.

बाईंना विनंती करा की तीन-चार मुलं निवडूया. पहिल्या बाकावरची सगळ्यात शहाणी मुलगी निवडायचा मोह होतो. ती मैत्रीण होत नाही, ती आया होते. ज्यांना तोच खेळ किंवा तोच विषय आवडतो अशी मुलं निवडा, आणि दर पंधरा दिवसांनी एखादं बदला.

मुलांना काय सांगायचं? निदानाचं नाव सांगायचं की नाही, हे पालकांनी आणि स्वतः मुलाने ठरवायचं. नाव न घेताही पुरेसं सांगता येतं: “त्याला एकदम ओरडलं की कळत नाही. त्याचं नाव घ्या, समोर या, आणि सरळ सांगा. ‘चल ना यार’ पेक्षा ‘तू माझ्यामागे पळ’ हे त्याला पटकन कळतं. त्याने कानावर हात ठेवले तर थोडं थांबा.” मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात. एका वर्गात मुलांनी आपणहून ठरवलं की राज्य असलेल्याने डोक्यावर टोपी घालायची, म्हणजे त्याला दिसेल. मला ते सुचलं नव्हतं.

शाळा “मधल्या सुट्टीचं आम्ही काय करणार?” म्हणाली तर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगा. त्यातल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना इतरांच्या बरोबरीने खेळाची आणि विरंगुळ्याची संधीही द्यायची आहे. कायद्यात खेळाचा वेगळा उल्लेख आहे, हे पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसतं. भांडणाच्या सुरात न जाता एका कागदावर तीनच मागण्या लिहून द्या: घंटेपासून लांब जागा, थकल्यावर बसायला एक ठरलेली पायरी, आणि पहिले तीन आठवडे मधल्या सुट्टीत लांबून लक्ष ठेवणारं एक माणूस.

सातवी पायरी: ‘नको’ म्हणायलाही शिकवा

सगळ्यांचं ऐकणारं, सगळ्यांना हो म्हणणारं मूल सुरक्षित नसतं. खेळात घेतो म्हणून डब्यातलं सगळं मागणारी, “जा, त्या मुलीचा गाल ओढून ये” असं सांगून गंमत बघणारी मुलं असतात. त्याला वाटतं, ही मैत्रीच. म्हणून मैत्री आणि टिंगल यांतला फरक कागदावर काढून दाखवा: काड्यांची माणसं, डोक्यावर दोन फुगे, एकात तो काय बोलला आणि दुसऱ्यात मनात काय होतं. बाकीचे हसत होते तेव्हा तूही हसत होतास का? नसशील तर ती गंमत नव्हती.

‘नको’, ‘थांब’, ‘मी बाईंना सांगेन’ ही तीन वाक्यं “ए, मी पण!” इतक्याच वेळा तालमीत घ्या. आणि मूल घरी ‘नको’ म्हणालं तर ते माना. लग्नात काकूंनी गाल ओढताना, “ओळखलंस का मला?” म्हणत कवटाळताना त्याने अंग चोरलं तर “असं करू नये” म्हणू नका. लांबून नमस्कार पुरतो, आणि नातेवाइकांना ते सांगणं हे आपलं काम आहे. मुलाबरोबर काही वावगं घडल्याची शंका आली तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

अडलं, बिघडलं तर

मूल किंचाळत, कान दाबून खाली बसलं असेल त्या क्षणी काहीही शिकवू नका. गर्दी हटवा, आवाज कमी करा, कमी बोला. “सॉरी म्हण” तर मुळीच नको. शिकवण्याची वेळ दुसऱ्या दिवशी येते, त्या काड्यांच्या माणसांबरोबर.

वहीत रोज एवढंच: कुठला तुकडा स्वतःहून जमला, कुठला मदतीने. तीन आठवडे एकाच तुकड्यावर अडलं असेल तर मूल हट्टी आहे असं समजू नका. तुकडा मोठा आहे, तो अजून फोडा. घरी जमतं पण मैदानावर जमत नाही हे तर होणारच. जागा बदलली की या मुलांसाठी धडाही नवा होतो, म्हणून तोच तुकडा आवारात, मग मामाच्या गावी, मग शाळेत असा पुन्हा शिकवा. आणि काही दिवस त्याला एकट्याने जाळीवरून बोट फिरवत चालायचं असेल तर चालू द्या. ती त्याची सुट्टी आहे.

मे महिन्यात सगळं विस्कटतं, त्याची तयारी ठेवा. सुट्टीत आवारातली मुलं गावी जातात, जूनमध्ये वर्ग बदलतो, बाई बदलतात, कधी तुकड्याही बदलतात. मार्चमध्येच ती तीन-चार मुलं पुढच्या वर्षी याच्याच तुकडीत राहतील का, हे मुख्याध्यापकांना लेखी विचारा. सुट्टीत त्यांपैकी एखाद्याला आठवड्यातून एकदा तासाभरासाठी घरी बोलवा, खेळ आधी ठरवून, आणि तास संपायच्या पाच मिनिटं आधी दोघांनाही सांगून. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात नव्या वर्गात एक फेरी मारून या, दाराचा, बाकाचा, पायरीचा फोटो काढा, आणि गोष्टीतले जुने फोटो काढून हे चिकटवा. नव्या बाईंना वहीचं शेवटचं पान आणि हे फोटो पहिल्याच दिवशी द्या. त्या मुलाच्या आईने चौथीच्या पहिल्या दिवशी दिलेल्या पानावर एवढंच होतं: ‘पकडापकडी येते. राज्य घेतो. टोपी लागते.’